ट्यूब घेताना आधी व्हॉल्व्ह बघा

दिवे घाट अर्धा चढून झाला होता आणि सायकलचं मागचं चाक बसलं. पिशवीत नवीकोरी ट्यूब होती, आकडाही बरोबर होता. टायर उतरवला, जुनी ट्यूब काढली आणि नवीचा व्हॉल्व्ह रिमच्या भोकात घालायला गेलो, तर जाईचना. तो मोटारसायकलला असतो तसला जाड, त्याला ८ मिलिमीटरचं भोक लागतं. माझ्या रिमचं भोक बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हचं, ६ मिलिमीटरचं. सासवडपर्यंत सायकल ढकलत नेली. तिथे दुकानात काळ्या सायकलींच्या २८×१½ च्याच ट्यूबा होत्या. शेवटी टेम्पोत टाकून परत आणली.

म्हणून दुकानात जाताना टायरच्या कडेला छापलेले आकडे मोबाईलवर टिपून न्या. ‘२६ ची द्या’ एवढ्यावर भागत नाही. २६×१.७५ चा रिम ५५९ मिलिमीटर व्यासाचा असतो आणि २६×१ ३/८ चा ५९०, दोन्ही २६ च म्हणवतात आणि एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही. ३७-६२२ असं लिहिलेलं असेल तर ३७ ही रुंदी आणि ६२२ हा रिमचा व्यास, तोच आकडा महत्त्वाचा. ७०० सी आणि २९ इंची, दोन्हींचा रिम हाच. रुंदीला थोडी सूट असते. ट्यूबच्या खोक्यावर ३५/४३ असं असेल तर तुमची रुंदी त्यात बसली की झालं. फार रुंद ट्यूब मात्र घेऊ नका, आत घडी पडते आणि तिथेच फाटते.

आणि व्हॉल्व्ह. खोकं उघडून बघा, दुकानदार काहीही म्हणो. जाड की बारीक? लांबी किती? खोल रिम असेल तर आखूड व्हॉल्व्ह आतच राहतो, पंपाचं तोंड त्याला धरत नाही. पंप कुठल्या व्हॉल्व्हचा आहे तेही आत्ताच घरी लावून बघा, घाटात नको.

सोबत एवढं ठेवा: टायर उचकटायच्या पट्ट्या म्हणजे टायर लिव्हर दोन, पंप, चाक काढायला पाना लागत असेल तर पाना.

बसवण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवा, सावकाश, पूर्ण फेरा. बाभळीचा काटा बाहेरून दिसत नाही, आत टोक तेवढं टोचतं. ते राहिलं तर नवी ट्यूबही दहा मिनिटांत गेली. रिमच्या आत तारांची टोकं झाकणारी पट्टी सरकली असेल तर जागेवर आणा.

ट्यूबमध्ये जराशी हवा भरा, आकार येईल एवढीच. आधी व्हॉल्व्ह भोकात, मग बाकीची ट्यूब. टायरची कड व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने अंगठ्यांनी चढवत या आणि व्हॉल्व्हपाशी संपवा. शेवटी लिव्हर लावू नका, ट्यूब चिमटते. व्हॉल्व्ह वर ढकलून खाली ओढा. प्रेस्टा असेल तर टोकाची बारीक चकती सैल करा, मग पंप. दाब टायरवर लिहिलाय तेवढाच.

पिशवीत जी जादा ट्यूब पडून आहे, तीही आज काढा आणि तिचा व्हॉल्व्ह रिममध्ये घालून बघा.