स्प्रिंगमध्ये सर्व्हिस नेमकी कधी तयार होते?

स्प्रिंग बूटमध्ये (जावाचं एक फ्रेमवर्क) नव्याने काम करणारे बहुतेक जण अडकतात ते अ‍ॅप उठतानाच्या काही सेकंदांत. कोड बरोबर असतो, वेळ चुकलेली असते. कॅशे मॅनेजर, शेड्युलर, कनेक्शन पूल ही अ‍ॅपभर एकेकच प्रत असलेली बीन्स, म्हणजे स्प्रिंगने सांभाळलेले ऑब्जेक्ट; सर्व्हिसही त्यातलीच. कंटेनर (बीन्स बनवून एकमेकांना जोडणारा स्प्रिंगचा भाग) ती सुरुवातीलाच बनवतो, आणि आधी कोणतं बनेल हे कोणाला कोण लागतं यावर ठरतं.

एका बीनचा क्रम असा: कन्स्ट्रक्टर, मग फील्डमधलं इंजेक्शन (लागणारी बीन्स कंटेनर फील्डमध्ये भरतो), मग पोस्टकन्स्ट्रक्ट (ही खूण लावलेली तयारीची मेथड), आणि सहसा शेवटी प्रॉक्सी (बीनभोवतीचं वेष्टन, बाहेरचे कॉल त्यातून जातात). ऑटोवायर्ड (कंटेनरने भरायचं) फील्ड कन्स्ट्रक्टरमध्ये वापरलं की नलपॉइंटर येतो तो यामुळेच. म्हणून लागणाऱ्या गोष्टी कन्स्ट्रक्टरच्या पॅरामीटरमधूनच घ्या.

प्रॉक्सीचा मुद्दा जास्त फसवा आहे. ट्रान्झॅक्शनल (डेटाबेसमधले बदल सगळे होवोत, नाहीतर एकही नाही) लावलेल्या मेथडवरच पोस्टकन्स्ट्रक्ट लावलं, तर ट्रान्झॅक्शन उघडतच नाही, कारण ते उघडणारी प्रॉक्सी अजून झालेली नसते. एररही दिसत नाही. रिपॉझिटरीचं (डेटाबेसशी बोलणारं बीन) प्रत्येक सेव्ह आपापल्या ट्रान्झॅक्शनमध्ये जातं. पाचवं फसलं तरी आधीची चार डेटाबेसमध्ये राहतात. असा डेटा भरायचा असेल तर तो वेगळ्या सर्व्हिसच्या मेथडमध्ये ठेवा आणि ती अ‍ॅप्लिकेशनरनरमधून (उठण्याच्या शेवटी चालणारा कोड) बोलवा. रनर चालतात तेव्हा सगळी बीन्स तयार असतात. मात्र वेब सर्व्हरही तोवर सुरू झालेला असतो, हे विसरू नका. रनर संपल्यावरच अ‍ॅप्लिकेशनरेडी इव्हेंट येतो आणि रेडिनेस प्रोब (रिक्वेस्ट घ्यायला तयार आहे का, ही तपासणी) हिरवा होतो. कुबरनेटिसवर (सर्व्हरवर प्रोग्रॅम चालवणारी यंत्रणा) ट्रॅफिक त्या प्रोबवरच सोडा.

दोन सर्व्हिस एकमेकींना मागत असतील तर बूट 2.6 पासून अ‍ॅप उठतच नाही. ही तपासणी बंद करणारी सेटिंग आहे, पण ती लावू नका. दोघींना लागणारा भाग तिसऱ्या क्लासमध्ये काढा. लेझी (गरज पडेपर्यंत बीन न मागणं) लावून चक्र सुटतं खरं, पण तेवढ्याने रचना सुधारत नाही. शिवाय कॉन्फिगरेशनची जी चूक सुरुवातीला कळली असती, ती पहिल्या रिक्वेस्टला ग्राहकासमोर फुटू शकते.

डिपेंड्सऑन (ते बीन आधी बनव, असं सांगणारी खूण) मोजकंच वापरा. एक बीन सिस्टिम प्रॉपर्टी ठेवतं आणि दुसरं ती वाचतं, अशा कोडमध्ये न दिसणाऱ्या अवलंबनासाठी ते आहे. बंद होताना क्रम उलटा चालतो, अवलंबून असलेलं बीन आधी जातं.

स्टॅटिक फील्डवर ऑटोवायर्ड चालत नाही. स्वतः गेटइन्स्टन्स (एकच प्रत देणारी स्टॅटिक मेथड) लिहून केलेला मॅनेजर तर कंटेनरला माहीतच नसतो, त्यामुळे त्याचं पोस्टकन्स्ट्रक्ट कोणी बोलवत नाही आणि टेस्टमध्ये तो बदलताही येत नाही.

अ‍ॅप उठलं नाही तर लॉगच्या पहिल्या ओळीवर अडकू नका. 'अनसॅटिस्फाइड डिपेंडन्सी'ची (लागणारं बीन मिळालं नाही) साखळी लांबलचक असते. खाली जाऊन शेवटचं 'कॉज्ड बाय' वाचा. मूळ कारण बहुतेक वेळा तिथे सापडतं: चुकीचा पासवर्ड, राहून गेलेली प्रॉपर्टी किंवा बंद असलेला डेटाबेस.