लँगम्युर प्रोब: आर्गॉन प्लाझ्मातील इलेक्ट्रॉनांचे तापमान आणि घनता कशी मोजावी

निर्वात पात्रात जांभळट उजेड दिसला की प्लाझ्मा, म्हणजे आयन (भारित अणू) आणि सुटे इलेक्ट्रॉन असलेला वायू, पेटला एवढे कळते. त्यात इलेक्ट्रॉन किती आहेत आणि किती ऊर्जेने फिरत आहेत हे त्या उजेडावरून समजत नाही. ते मोजायचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे प्लाझ्मात खुपसलेली एक बारीक तार, लँगम्युर प्रोब. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत अर्व्हिंग लँगम्युर आणि हॅरॉल्ड मॉट-स्मिथ यांनी १९२० च्या दशकात ही पद्धत विकसित केली. आज टोकामॅकच्या (प्लाझ्मा चुंबकीय क्षेत्रात कोंडणाऱ्या संलयन यंत्राच्या) कडेला आणि चिप बनवताना सिलिकॉन कोरणाऱ्या एचिंग यंत्रांच्या संशोधनातही तीच वापरतात. तारेवर व्होल्टेज बदलत न्यायचे आणि प्रवाह नोंदवायचा, इतकेच काम. प्रोबची अडचण अशी की तो चुकीचा लावला तरी छान दिसणारा आलेख देतोच. म्हणून पुढे मोजणीइतकीच जागा पडताळणीला दिली आहे.

येथे पदव्युत्तर प्रयोगशाळेत उभारता येईल असा डीसी ग्लो डिस्चार्ज (एकदिश विजेने विरळ वायूत पेटवलेला प्लाझ्मा) धरला आहे: आर्गॉन, दाब ०.१ मिलीबार, ॲल्युमिनिअमच्या १० सेंमी व्यासाच्या दोन चकत्या, त्यांच्यात १५ सेंमी अंतर.

प्रोब तयार करणे

०.३ मिमी जाडीची टंगस्टन तार घ्या. साध्या पक्कडीने कापली तर ती धाग्यांसारखी उभी चिरते आणि टोकाचे क्षेत्रफळ कळेनासे होते. डायमंड चाकावर घासून कापा, डोळ्यांवर चष्मा ठेवा. साधे सोल्डरही टंगस्टनला धरत नाही. मागच्या टोकाला निकेलची पट्टी स्पॉट वेल्ड करा किंवा बारीक स्टीलच्या नळीत तार घालून नळी दाबून बसवा, आणि पुढची केबल त्याला जोडा.

तार अल्युमिनाच्या नळीतून न्यायची आणि ५ मिमी बाहेर ठेवायची. नळी शक्य तितकी बारीक घ्या, कारण जाड नळी आसपासचा प्लाझ्मा शोषून घेते आणि आपण मोजतो तो तिने आधीच विरळ केलेला प्लाझ्मा असतो. बाहेरचा व्यास ३ मिमीपर्यंत चालतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नळीच्या तोंडाशी तार भिंतीला टेकू द्यायची नाही. आत तारेला घट्ट धरणारी दुसरी बारीक नळी बसवा आणि ती बाहेरच्या नळीच्या तोंडापेक्षा २ मिमी आत संपवा. कॅथोडवरून उडालेले ॲल्युमिनिअम काही तासांत सिरॅमिकवर चढते. तार तिथे टेकलेली असेल तर तो थर तारेशी जोडला जातो, प्रोबचे क्षेत्रफळ वाढते आणि घनता रोज थोडी थोडी चढलेली दिसते. प्लाझ्मा मात्र तोच असतो.

या मापांनी प्रोबचे क्षेत्रफळ ४.७८ चौरस मिमी येते: बाजूचे ४.७१, टोकाचे ०.०७.

प्रोब विल्सन सीलमधून (निर्वात न मोडता दांडा सरकू देणाऱ्या सीलमधून) आत सोडा, म्हणजे तो पुढेमागे सरकवता येतो. टोक कॅथोडपासून किमान ६ ते ७ सेंमी दूर असू द्या. कॅथोडजवळच्या अंधाऱ्या पट्ट्यात तीव्र विद्युत क्षेत्र आणि वेगवान इलेक्ट्रॉनांचा झोत असतो. तिथे पुढचे कोणतेच सूत्र लागू होत नाही.

विजेची जोडणी

ॲनोड आणि पात्र भूमीला जोडा, कॅथोडला ऋण व्होल्टेज द्या. असे केले की प्लाझ्माचे विभव भूमीच्या आसपास काही व्होल्टवर राहते आणि प्रोबला छोटा वीजपुरवठा पुरतो. उलट जोडणीत प्रोबचे सगळे सर्किट शेकडो व्होल्टवर तरंगते, ते धोक्याचे. डिस्चार्जसाठी ० ते १००० व्होल्ट, १०० मिलीअँपिअरचा पुरवठा आणि त्याच्याशी एकसर १० किलोओहम, २५ वॉटचा बॅलास्ट (प्रवाह आवरणारा) रोध लावा. २० मिलीअँपिअरला त्यावर २०० व्होल्ट पडतात आणि ४ वॉट उष्णता होते. बॅलास्टशिवाय डिस्चार्ज आर्कमध्ये, म्हणजे मोठ्या प्रवाहाच्या ठिणगीत, उडी घेतो.

प्रोबच्या बाजूला उणे ६० ते अधिक ४० व्होल्ट देणारा, भूमीपासून अलग असलेला पुरवठा हवा. त्याचे एक टोक प्रोबला, दुसरे रोधातून भूमीला. रोध भूमीच्या बाजूला ठेवल्याने मल्टिमीटर भूमीजवळच राहतो. इलेक्ट्रॉनांच्या भागासाठी १ किलोओहम, आयनांच्या भागासाठी १० किलोओहम वापरा. रोधावर पडलेले व्होल्टेज प्रोबच्या व्होल्टेजमधून वजा करायचे असते. २५० मायक्रोअँपिअरला १ किलोओहमवर पाव व्होल्ट पडतो, आणि इलेक्ट्रॉनांचे तापमान २ इलेक्ट्रॉनव्होल्ट (ऊर्जेचे एकक, तापमान त्यातच सांगतात) असलेल्या प्लाझ्मात पाव व्होल्टने प्रवाह १३ टक्के बदलतो.

हाताने एकेक वाचन घेणे संथ असले तरी चांगले. ऑसिलोस्कोपवर ५० हर्ट्झने स्वीप करायचा (व्होल्टेज आपोआप वरखाली फिरवायचे) असेल तर केबलची धारिता आडवी येते: २ मीटर कोॲक्सिअल केबलला सुमारे २०० पिकोफॅरड, १०० व्होल्ट १० मिलिसेकंदांत चढले की तिच्यातून २ मायक्रोअँपिअर वाहतात. पुढे दिसेल की आयनांचा प्रवाहही तेवढाच असतो. अशा वेळी प्लाझ्मा बंद ठेवून तोच स्वीप घ्या आणि तो वजा करा.

प्लाझ्मा पेटवणे

रोटरी पंपाने ०.०१ मिलीबारपर्यंत खाली या. व्हॉल्व्ह बंद करून दाब किती झपाट्याने चढतो ते पाहा. मिनिटभरात दुप्पट-तिप्पट होत असेल तर आधी ओ-रिंग साफ करा. नंतर आर्गॉन भरून पंप करणे दोन-तीन वेळा करा आणि नीडल व्हॉल्व्हने दाब ०.१ मिलीबारवर आणा. पिरानी गेज (तापलेल्या तारेतून वायू किती उष्णता नेतो त्यावरून दाब सांगणारा मापक) हवेसाठी अंशांकित असतो. आर्गॉन उष्णता कमी वाहून नेतो, म्हणून गेज कमी दाब दाखवतो. खरा दाब मिळवायला वाचनाला सुमारे १.६ ते १.७ ने गुणा. म्हणजे ०.१ मिलीबार हवा असेल तर गेजवर ०.०६ दिसायला हवे.

व्होल्टेज हळूहळू वाढवा आणि डिस्चार्ज पेटल्यावर प्रवाह २० मिलीअँपिअरवर स्थिर करा. रंग जांभळट असावा. तो गुलाबी-लालसर होऊ लागला तर हवा आत येते आहे. नायट्रोजन मिसळल्यावर आकडे आर्गॉनचे राहत नाहीत. मोजणीआधी १५ ते २० मिनिटे तसेच चालू द्या, म्हणजे कॅथोडवरचा ऑक्साइड निघून जातो आणि व्होल्टेज स्थिरावते. पुरवठ्यातला कपॅसिटर बंद केल्यावरही भारित राहतो. पात्राच्या आत हात घालण्यापूर्वी कॅथोड भूमीला टेकवलाच पाहिजे. पात्र काचेचे असेल तर त्याभोवती जाळी किंवा ॲक्रिलिकचा पडदा ठेवा.

वाचने घेणे

प्रथम प्रोबला ५ मिनिटे उणे १०० व्होल्ट द्या. आयनांच्या माऱ्याने पृष्ठभाग साफ होतो. यासाठी वेगळा पुरवठा लागेल. मग उणे ६० पासून ५ व्होल्टच्या पायऱ्यांनी वर या. प्रवाहाचे चिन्ह बदलते त्याच्या जरा आधीपासून ०.५ व्होल्टच्या पायऱ्या घ्या, कारण सगळी माहिती त्या १०-१५ व्होल्टच्या पट्ट्यात आहे. प्रवाहाची चढण मंदावली की आणखी ५ ते १० व्होल्ट जा आणि थांबा. टोकाभोवती उजळ गोळा दिसला तर लगेच व्होल्टेज उतरवा. तिथे प्रोब स्वतःच आयनीकरण करू लागला आहे, दुसरा ॲनोड झाला आहे.

आता त्याच पायऱ्यांनी खाली या. चढतानाचा आणि उतरतानाचा वक्र एकमेकांवर बसला पाहिजे. बसला नाही तर प्रोब मळलेला आहे किंवा डिस्चार्ज सरकतो आहे. मळलेल्या पृष्ठभागामुळे वक्र आडवा ताणला जातो, चढण मंदावते तिथला कोपरा गोल होतो आणि तापमान खऱ्यापेक्षा जास्त येते. पुन्हा साफ करा, पुन्हा घ्या. दोन वक्र जुळेपर्यंत गणिताकडे वळू नये.

आलेखातून आकडे

उणे ६० ते उणे २० मधल्या वाचनांतून सरळ रेषा काढून ती उजवीकडे वाढवा. हा आयनांचा प्रवाह. प्रत्येक वाचनातून तो काढून टाकला की उरतो इलेक्ट्रॉनांचा. तो सेमी-लॉग कागदावर व्होल्टेजसमोर मांडा. इलेक्ट्रॉनांचे वेग मॅक्सवेल वितरणाचे (एकाच तापमानाच्या समतोल वायूसारखे) असतील तर चढणीचा भाग सरळ येतो. प्रवाह दसपट व्हायला किती व्होल्ट लागले ते पाहा आणि २.३ ने भागा. आलेले उत्तर हेच इलेक्ट्रॉनांचे तापमान, इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये.

उदाहरण घेऊ. ८ व्होल्टला २० मायक्रोअँपिअर आणि १२ व्होल्टला १४८. गुणोत्तर ७.४, त्याचा नैसर्गिक लॉग २. चार भागिले दोन, म्हणजे २ इलेक्ट्रॉनव्होल्ट, सुमारे २३,२०० केल्व्हिन. सरळ भाग निदान एक दशक, म्हणजे दसपट प्रवाहापर्यंत, टिकला पाहिजे. दोन-तीन बिंदूंवरून रेषा ओढून तापमान सांगू नये. रेषा मध्येच मोडून दोन उतार दिसत असतील तर थंड आणि गरम असे इलेक्ट्रॉनांचे दोन गट आहेत. कॅथोडच्या जवळ हे नेहमी दिसते. तेव्हा दोन्ही तापमाने वेगळी नोंदवा, सरासरी काढू नका.

वरची, मंद चढणीची रेषा आणि ही सरळ रेषा जिथे छेदतात ते प्लाझ्माचे विभव. समजा ते १३ व्होल्ट आणि तिथला प्रवाह २४५ मायक्रोअँपिअर. घनता काढायला त्या प्रवाहाला ४ ने गुणायचे आणि इलेक्ट्रॉनचा भार, सरासरी वेग व प्रोबचे क्षेत्रफळ यांच्या गुणाकाराने भागायचे. सरासरी वेग म्हणजे सेकंदाला ६.६९ लाख मीटर गुणिले तापमानाचे वर्गमूळ. २ इलेक्ट्रॉनव्होल्टला ९.४६ लाख मीटर. उत्तर येते दर घनसेंटिमीटरला सुमारे १३५ कोटी इलेक्ट्रॉन.

प्रोबवरचा एकूण प्रवाह जिथे शून्य होतो ते तरंगते विभव. आर्गॉनमध्ये ते प्लाझ्माच्या विभवाखाली तापमानाच्या साधारण ५.२ पट असते, म्हणजे इथे १३ उणे १०.४, सुमारे २.६ व्होल्ट. हे जुळते का ते पाहणे ही फुकटची पडताळणी. मात्र ते वक्रावरूनच वाचा. प्रोबला थेट मल्टिमीटर लावला तर आकडा चुकतो: तरंगत्या प्रोबभोवतीच्या आवरणाचा (इलेक्ट्रॉन फार कमी असलेल्या थराचा) रोध इथे सुमारे १.४ मेगाओहम आहे आणि मीटरचा १० मेगाओहम, त्यामुळे २.६ ऐवजी २.३ च्या आसपास वाचन येते. प्लाझ्मा विरळ असेल तितकी ही चूक वाढते.

आयनांच्या प्रवाहावरून घनता का काढू नये

पुस्तकी सूत्र सोपे आहे: ०.६१ गुणिले घनता, भार, आयनांचा ध्वनिवेग आणि क्षेत्रफळ. आपल्या उदाहरणात ते १.४ मायक्रोअँपिअर सांगते. त्या सूत्रात प्रोबभोवतीचे आवरण तारेच्या मानाने पातळ असते असे गृहीत आहे. इथे डिबाय लांबी (जेवढ्या अंतरात प्लाझ्मा बाहेरचे विद्युत क्षेत्र झाकून टाकतो) ०.२९ मिमी आणि तारेची त्रिज्या ०.१५ मिमी, आवरण तर डिबाय लांबीच्या कित्येक पट. ते व्होल्टेजबरोबर फुगत जाते आणि प्रवाह कधीच सपाट होत नाही. बारीक तारेसाठीच्या सूत्राने, जिथे प्रवाहाचा वर्ग व्होल्टेजच्या प्रमाणात वाढतो, उणे ३० व्होल्टला सुमारे ४.७ मायक्रोअँपिअर यायला हवेत. ते वाचन पातळ आवरणाच्या सूत्रात घातले तर घनता तिप्पट-चौपट फुगते. त्यातच ०.१ मिलीबारला आयन अर्ध्या मिमीच्या आसपास जाऊन अणूवर आदळतो, म्हणून आवरण ओलांडताना प्रवाह घटतो. दोन चुका विरुद्ध दिशेच्या असल्या तरी एकमेकींना फेडतीलच याची हमी नाही. इलेक्ट्रॉन मात्र या दाबाला मिलिमीटरांच्या नव्हे, सेंटिमीटरच्या मापाने मोकळे धावतात. डीसी आर्गॉनमध्ये इलेक्ट्रॉनांच्या बाजूची घनता द्या आणि आयनांची बाजू फक्त तुलनेला ठेवा.

चुंबकीय क्षेत्र आणि आरएफ

चुंबकीय क्षेत्रात बंदिस्त प्लाझ्मात हा सल्ला उलटतो. गांधीनगरच्या इन्स्टिट्यूट फॉर प्लाझ्मा रिसर्चमधल्या आदित्यसारख्या टोकामॅकमध्ये ०.७५ टेस्ला क्षेत्रात २० इलेक्ट्रॉनव्होल्टचा इलेक्ट्रॉन सुमारे १४ मायक्रोमीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरतो. तो क्षेत्ररेषेवरूनच प्रोबपर्यंत पोहोचतो, आडवा क्वचितच. त्यामुळे वरचा कोपरा बुजतो आणि इलेक्ट्रॉनांचा संपृक्त (कोपऱ्यापुढे जवळपास न वाढणारा) प्रवाह निरुपयोगी होतो. तिथे आयनांचा प्रवाहच धरतात, क्षेत्रफळ मात्र क्षेत्ररेषांच्या दिशेने दिसणारे तेवढेच. प्रोब फक्त कडेला नेतात, आतल्या उष्णतेत तार वितळते.

एचिंगच्या पात्रात अडथळा वेगळा. तिथला प्लाझ्मा आरएफने, म्हणजे रेडिओ वारंवारतेच्या विजेने, चालतो. १३.५६ मेगाहर्ट्झला प्लाझ्माचे विभव व्होल्टांनी वरखाली होते, मीटर त्या सगळ्या वक्रांची सरासरी दाखवतो आणि तापमान दुप्पटही दिसू शकते. प्रोबच्या टोकालगत, नळीच्या आतच, १३.५६ आणि २७.१२ मेगाहर्ट्झ अडवणारे चोक (तारेची वेटोळी) बसवा. शिवाय टोकाजवळ तारेपेक्षा बऱ्याच मोठ्या क्षेत्रफळाचा धातूचा पत्रा गुंडाळून तो छोट्या कपॅसिटरने तारेला जोडा, म्हणजे प्रोब प्लाझ्माबरोबर वरखाली होतो. फ्लोरोकार्बन वायूंमध्ये तारेवर काही मिनिटांत विद्युतरोधक थर चढतो, म्हणून प्रत्येक स्वीपआधी सफाई करावी लागते. इतके करून मिळालेले तापमान कामाचे ठरते ते असे: आर्गॉनमध्ये तरंगत्या वेफरवर (चिप ज्यावर बनते त्या सिलिकॉनच्या चकतीवर) आदळणाऱ्या आयनाची ऊर्जा तापमानाच्या पाचपट असते, २ इलेक्ट्रॉनव्होल्टला १० च्या आसपास, आणि त्यापुढची ऊर्जा वेफरला बायस (वेगळे व्होल्टेज) देऊनच वाढवता येते.