‘पॉश’ची गोष्ट खरी की रचलेली, हे कसं तपासावं

पॉश एरिया, पॉश फ्लॅट, पॉश हॉटेल. आपल्याकडे हा इंग्रजी बोलीतला शब्द पार रुळलाय. त्याच्या जन्माची गोष्टही हमखास सांगितली जाते: पी अँड ओ या ब्रिटिश जहाज कंपनीच्या बोटीने मुंबईला येताना श्रीमंत साहेब डावीकडची केबिन घेत आणि परतताना उजवीकडची, ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ची आद्याक्षरं म्हणजे पॉश.

आधी तारखा लावा, कारण निम्म्या गोष्टी तिथेच पडतात. ऑक्सफर्डचा मोठा कोश किंवा जोनाथन ग्रीन यांचा ऑनलाइन स्लँग कोश उघडा आणि प्रत्येक अर्थाचा सर्वांत जुना छापील वापर टिपून घ्या. एकोणिसाव्या शतकात चोरांच्या बोलीत ‘पॉश’ म्हणजे पैसे, विशेषतः अर्ध्या पेनीचं नाणं. रोमानी, म्हणजे युरोपातल्या जिप्सी लोकांच्या भाषेत ‘पॉश’ म्हणजे अर्धा. १८९०च्या एका स्लँग कोशात अर्थ आहे छानछोकी करणारा माणूस. सप्टेंबर १९१८च्या ‘पंच’ या ब्रिटिश विनोदी साप्ताहिकातल्या व्यंगचित्रात तो आजच्या अर्थाच्या जवळ येतो. बोटीची गोष्ट मात्र छापील स्वरूपात १९३५च्या सुमारास दिसते. शब्द आधी आणि त्याचं कारण इतक्या वर्षांनी, तर संशय घ्यायलाच हवा.

गूगल बुक्सवर शोधताना जपून. नियतकालिकाच्या पुढच्या अंकांनाही कधीकधी पहिल्या अंकाचं साल चिकटलेलं असतं, आणि पुसट स्कॅनमधला ‘पुश’ संगणक ‘पॉश’ वाचतो. पानाचं चित्र डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तारीख धरू नका.

मग पुरावा मागा. अरबी समुद्रातून पूर्वेकडे येताना डावी बाजू उत्तरेची, म्हणून सावलीची; त्यामुळे गोष्ट पटते. पण पटणं म्हणजे पुरावा नव्हे. ‘पॉश’ शिक्का मारलेलं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही. शिवाय आद्याक्षरं जोडून शब्द बनवण्याची चाल विसाव्या शतकाआधी फार विरळ. ‘रडार’सारखे शब्द दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले. जुन्या शब्दाला आद्याक्षरं चिकटवलेली दिसली की थांबा.

म्हणून नोंद करताना लिहावं: उगम अनिश्चित; नाणं, मग छानछोकी, मग श्रीमंती थाट ही वाट संभाव्य. कार्यालयातली ‘पॉश समिती’ यात मिसळू नका. ती ‘प्रिव्हेन्शन ऑफ सेक्शुअल हॅरॅसमेंट’ची, २०१३च्या कायद्याखालची, तिथे आद्याक्षरं खरी आहेत.