बागुलबुवा, बाऊ की धास्ती? नेमका शब्द कसा निवडायचा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात रानालगत भात पिकवणाऱ्या शेतकऱ्यासमोर ‘हत्तींचा बागुलबुवा’ असे म्हणून पाहा. शब्द चुकल्याचे त्याच्या चेहऱ्यावरच दिसेल. हत्ती खरोखर शिवारात उतरतात आणि उभे पीक तुडवून जातात. बागुलबुवा मात्र कधीच येत नाही. तो फक्त ‘येईल’ असे सांगितले जाते. समानार्थी शब्दांच्या यादीत हा फरक दिसत नाही, आणि निबंधात, बातमीत किंवा कन्नडवरून केलेल्या भाषांतरात बहुतेक चुका इथेच होतात.

शब्द लिहिण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. ज्याची भीती वाटते ते खरोखर आहे का? भीती आपोआप वाटली, की कोणी घातली? ती क्षणाची आहे, की मनात मुक्काम करून राहिलेली?

पहिल्याचे उत्तर ‘नाही’ आणि दुसऱ्याचे ‘कोणीतरी घातली’ असे आले, तरच बागुलबुवा. मूळ अर्थ पोराला जेवायला किंवा झोपायला लावण्यासाठी आईने उभा केलेला, न दिसणारा बुवा. त्यावरून, मुद्दाम दाखवलेली पोकळ भीती. तो ‘उभा करतात’ किंवा ‘दाखवतात’. ‘दहावीच्या गणिताचा बागुलबुवा उभा केला’ हे वाक्य बरोबर आहे, कारण गणित खरे असले तरी त्याचे अक्राळविक्राळ रूप लोकांनी रंगवलेले असते. चिकोडी भागात कृष्णाकाठच्या गावांबद्दल ‘महापुराचा बागुलबुवा’ लिहाल तर २०१९ साली पाणी घरात शिरलेले ज्यांनी पाहिले, त्यांना तुम्ही खोटे ठरवता. तिथे ‘महापुराची धास्ती’ हवी. बागुलबुवा हा शब्द नुसते वर्णन करत नाही, निवाडा देतो. निवाडा द्यायचा नसेल तर तो वापरू नका.

बाऊ त्याच्या जवळचा, पण वेगळा. बाऊ ‘करतात’, उभा करत नाहीत. इथे गोष्ट खरी असते, फक्त लहान असते आणि फुगवलेली असते: ‘एवढ्याशा तापाचा बाऊ करू नका.’ बोबड्या बोलात ‘बाऊ झाला’ म्हणजे खरचटले, लागले. म्हणून लहान मुलांसाठी लिहिताना कोणता अर्थ घेतला जाईल हे आधी पाहा.

बुजगावणे तिसरे. बुजणे हे मुळात जनावराचे क्रियापद: बैल बुजतो, घोडे बुजते. पाखरे बुजवायला शेतात उभे करतात ते बुजगावणे, म्हणजे काठ्यांचा सांगाडा, जुना सदरा, डोक्याला मडके. ते डोळ्यांना दिसते, हाताला लागते, पण त्याच्यात बळ नसते. म्हणून हा शब्द नावापुरत्या पदावर बसवलेल्या माणसाला शोभतो, अफवेला नाही. ‘युद्धाचे बुजगावणे’ लिहिले तर वाक्य लंगडे पडते. शब्द नपुंसकलिंगी आहे: बुजगावणे, बुजगावण्याला, अनेकवचन बुजगावणी.

खऱ्या गोष्टीच्या भीतीकडे वळलो की तिसरा प्रश्न कामाला येतो. धडकी क्षणात ‘भरते’. धसका आधी घडलेल्या प्रसंगाचा असतो. तो ‘घेतात’ किंवा ‘बसतो’, आणि लवकर उतरत नाही. धास्ती पुढे घडेल त्याची. कालचा अपघात पाहून आज गाडीवर बसायला नको वाटते, तो धसका. रात्री नदीचे पाणी वाढेल म्हणून झोप लागत नाही, ती धास्ती. दहशत माणसाची, टोळीची किंवा नरभक्षक जनावराची. ती ‘पसरते’, आणि एकट्यादुकट्यावर नव्हे तर सबंध वस्तीवर.

धाक, वचक, जरब आणि दरारा यांत अधिकार असतो. वडिलांचा धाक घरात चालतो, कायद्याचा वचक समाजात. जरब ‘बसवावी’ लागते, त्यात कडक वागणूक येते. दरारा नावाचाच असतो, माणूस समोर नसला तरी चालतो. ‘चाकूचा धाक दाखवून लुटले’ हा वापरही रूढ आहे. ‘चाकूचा वचक’ मात्र म्हणत नाहीत.

कन्नडवरून मराठीत आणणाऱ्यांनी तीन शब्दांवर बोट ठेवावे. गुम्म म्हणजे आपला बागुलबुवाच, पोरांना दाखवायचा. पण शीर्षकात गुम्म दिसला की लगेच बागुलबुवा लिहू नका. खालचा मजकूर वाचा, आणि संकट खरे असेल तर धास्ती किंवा सावट घ्या. देव्व म्हणजे भूत. मराठी कानाला तो देव वाटतो आणि वाक्याचा अर्थ उलटतो. कन्नडमध्ये देवाला देवरु म्हणतात. बेदरुबोंबे हे बुजगावणे. शब्दशः ‘भिवविणारी बाहुली’ असे करू नका, वाचणाऱ्याला जत्रेतले खेळणे वाटेल.

भुताखेतांची नावे एकमेकांच्या जागी टाकण्याची सवय तर फारच वाईट. मुंजा म्हणजे मुंज होऊन लग्नाआधी मेलेला मुलगा, त्याची जागा पिंपळ. हडळ बाईची. चकवा वाट चुकवतो, अंगात येत नाही; ‘चकवा लागला’ हे वाट हरवलेल्या कोणाहीबद्दल चालते. वेताळाला मात्र या रांगेत बसवण्याआधी थांबा. अनेक गावांत तो पुजला जाणारा रक्षक देव आहे, आणि त्याला नुसते भूत म्हटलेले गावकऱ्यांना आवडणार नाही.

वाक्प्रचारांत दोन ठिकाणी पाय घसरतो. भंबेरी आणि तारांबळ ‘उडते’ ती गोंधळाने आणि घाईने, तिथे भीती असलीच पाहिजे असे नाही. भीतीने उडते ती गाळण किंवा घाबरगुंडी. बोबडी ‘वळते’, म्हणजे तोंडातून शब्द नीट फुटत नाही. पळून जाणाऱ्या माणसाला ती लावू नका. ‘पाचावर धारण बसणे’ यातली धारण म्हणजे धान्याचा बाजारभाव. ‘धारणा’ असे लिहिले की अर्थच जातो.

विशेषणांचे थोडक्यात: दुष्काळ आणि अपघात भीषण, शांतता भयाण, नवरसांतला रस भयानक. ‘भयंकर’ बोलण्यात ‘भयंकर आवडले’ इतका सैल झाला आहे की गंभीर मजकुरात त्याला एकट्याला सोडू नये.

शेवटी विभक्ती तपासा. भीती कशा‘ची’ वाटते, पण भिणे आणि घाबरणे कशा‘ला’: ‘कुत्र्याची भीती वाटते’, ‘कुत्र्याला भितो’. ‘कुत्र्यापासून घाबरतो’ ही चूक शाळेच्या वह्यांत आता फार दिसते. गावाकडचे ‘भ्या वाटतंय’ संवादात जसेच्या तसे ठेवा. ते सुधारून ‘भय वाटत आहे’ केले की बोलणारा माणूस आपल्या भागातला राहत नाही.