अ‍ॅमस्टरडॅममध्ये सायकल भाड्याने घेताय? मग एवढं बघा
वीकेंडला निवांत फिरायचं म्हणून सायकल घेणार असाल तर आधी ब्रेक चेक करा, तिकडे बऱ्याच सायकलींना हँडलवर ब्रेकच नसतो, पेडल उलटं दाबलं की थांबते, सवय नसेल तर सुरुवातीला धांदल उडतेच. ट्रामचे रूळ शक्यतो काटकोनात ओलांडा, नाहीतर चाक अडकलंच. चालवताना मोबाईल हातात धरायला २०१९ पासून बंदी आहे, मॅप बघायचा तर कडेला थांबा. आणि सेंटरच्या गर्दीत कशाला अडकताय, सेंट्रल स्टेशनच्या मागून फेरी बोट पकडा, फुकट असते, सायकलसकट चढता येतं, पलीकडे उतरून पाण्याच्या कडेकडेने डुर्गरडम गावापर्यंत आरामात जा. कुलपं मात्र दोन्ही लावा, मागच्या चाकाचं आणि साखळीचं, साखळी रेलिंगला अडकवूनच.