बदकांच्या पिल्लांची पिसं: मेथिओनिनने सुटलेला प्रश्न

पिल्लं पोटभर खात होती, पण पाठीवर पिसं धरत नव्हती आणि ती एकमेकांची पिसं उपटायची. गोचीड-उवा नव्हत्या. खाद्य घरचंच, ७० भाग मका भरडा, ३० भाग सोयाबीन पेंड आणि खनिज-जीवनसत्त्व मिश्रण.

मग एकूण प्रथिनांऐवजी अमिनो आम्लांचा, म्हणजे प्रथिनं ज्या घटकांची बनतात त्यांचा, हिशेब मांडला. मेथिओनिन आणि लायसिन हे त्यातलेच दोन. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च काउन्सिलच्या १९९४ च्या तक्त्यात पेकिन या पांढऱ्या जातीच्या बदकाला वयाचे पहिले दोन आठवडे खाद्यात मेथिओनिन ०.४० टक्के आणि लायसिन ०.९० टक्के लागतं. लायसिन पेंडीतून पुरत होतं. मेथिओनिन मात्र जेमतेम ०.३१ टक्के भरलं! पिसं ज्या प्रथिनाची बनतात ते केराटिन सिस्टीन या गंधकयुक्त अमिनो आम्लाने भरलेलं असतं आणि शरीर सिस्टीन मेथिओनिनपासून बनवतं, त्यामुळे तुटवडा आधी पिसांवर दिसतो.

पेंड वाढवली नाही. तिच्यातल्या जास्तीच्या प्रथिनांचं नत्र विष्ठेतून जाऊन पिल्लांखालची गादी ओली आणि अमोनियाने उग्र होते. १०० किलो खाद्यात १०० ग्रॅम डीएल-मेथिओनिन (कृत्रिमरीत्या बनवलेलं मेथिओनिन) घातलं, आधी थोड्या भरड्यात कालवून, मग सगळ्यात. अंदाजाने मूठभर टाकू नका, वजनकाटा वापराच. मेथिओनिन फार झालं तर वाढ खुंटते. पुढे नवी पिसं दाट आली आणि उपटणं थांबलं. दोन आठवड्यांनंतर गरज ०.३० टक्क्यांवर येते, तेव्हा ही भर बंद केली.