घरची पालेभाजी : वाफ्यापासून कढईपर्यंत या चुका टाळा

कुंडीत टवटवीत दिसणारी भाजी ताटात आली की कधी कडू लागते, कधी चोथट, तर कधी दाताखाली वाळू कचकचते. मग दोष स्वयंपाकाला दिला जातो. पण त्यातलं बरंचसं भाजी कढईत पडण्याआधीच बिघडलेलं असतं, आणि बहुतेक वेळा कारण एकच असतं : कापायला झालेला उशीर.

"अजून थोडी वाढू दे" हा विचार फळभाजीला ठीक आहे. पालेभाजीत मात्र तोच नडतो. दिवस मोठा होऊ लागला आणि ऊन तापलं की पालक फुलावर येतो. मधून दांडा वर सरकतो, नवी पानं अरुंद आणि टोकदार निघतात, चवीत कडवटपणा उतरतो. एकदा दांडा निघाला की खत घाला, पाणी घाला, झाड पुन्हा पानांकडे वळत नाही. शेंडा खुडला तर फार तर काही दिवस मिळतात. म्हणून पानांचा आकार बदलताना दिसला की ती भाजी त्याच दिवशी काढून घ्यावी. कोथिंबिरीचंही तसंच. रुंद पानांऐवजी बारीक, चिरलेली पानं येऊ लागली की ती फुलावर निघाली, हे पक्कं समजा.

वेळेवर कापलेली भाजी पुन्हा फुटते, हा दुसरा फायदा. पालकाची बाहेरची पानं घ्या, मधला कोंब सोडा, आणि एका वेळी झाडाच्या एक तृतीयांशाहून जास्त पानं नेऊ नका. माठ उपटून काढला की संपला. तोच खाली दोन-तीन पेरं ठेवून कापला तर बगलेतून फुटवे येतात.

उशिराच्या खालोखाल नुकसान दाट पेरणी करते. माठाचं बी इतकं बारीक असतं की मुठीतून एकाच जागी सांडतं. ते कोरड्या वाळूत मिसळून फेका आणि वर मातीचा अगदी पातळ थर द्या. लेट्यूसच्या बियांना उगवायला उजेड लागतो, त्या खोल पुरल्या तर वर येतच नाहीत. धण्याच्या एका दाण्यात दोन बिया असतात. तो हलक्या हाताने रगडून दोन भाग करून पेरावा, आणि आठवडाभरात कोंब दिसला नाही म्हणून माती उकरू नये. दोन आठवडेही लागू शकतात. रोपं दाट उगवली तर विरळणी करायला कचरू नका. उपटलेली कोवळी रोपं म्हणजे पहिली भाजीच असते.

विरळणी टाळली आणि वर रोज पाणी ओतलं, तर कोवळी रोपं बुडाशी बारीक होऊन आडवी पडतात. हा बुरशीचा रोग आहे आणि पडलेलं रोप पुन्हा उभं राहत नाही. बोटाचं एक पेर मातीत खुपसून पाहा. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. पाणी द्यायचं ते सकाळी, पानांवर न शिंपडता बुडाशी.

पानं पिवळी पडली की लगेच खत घालण्याआधी कोणती पानं पिवळी आहेत ते बघा. खालची जुनी पानं आधी पिवळी पडत असतील तर बहुधा नत्र कमी आहे. शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या असतील तर लोह मिळत नाही, आणि नत्राने ते सुधारणार नाही. नत्र जास्त झालं तर पानं गडद आणि लुसलुशीत दिसतात, पण त्यावर मावा ही रस शोषणारी बारीक कीड तुटून पडते आणि पानांत नायट्रेट, म्हणजे न वापरलेलं नत्र, साठतं. ऊन कमी असेल तर आणखीच. मेथी शेंगवर्गातली, हवेतलं नत्र मुळांच्या गाठींत बांधून घेणारी, तिला वेगळं नत्र फारसं लागत नाही. पानावर पांढरट नागमोडी रेषा दिसल्या तर ती नागअळी. ती पानाच्या आत असल्याने वरून फवारून फारसा उपयोग नाही. ते पान तोडून टाका.

आता स्वयंपाकघर. भाजी धुतल्यावर भांडं चाळणीत ओतू नका, तळाशी बसलेली माती पुन्हा पानांवर येते. पानं हाताने वर उचलून घ्या, पाणी फेका, आणि तळ स्वच्छ दिसेपर्यंत पुन्हा तेच करा.

रंग जातो तो आंबटामुळे आणि वेळेमुळे. आम्लाने हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं आणि हिरवं मळकट होतं. पानांतली स्वतःची आम्लंही शिजताना सुटतात, म्हणून पहिली काही मिनिटं झाकण नको, ती वाफेबरोबर जाऊ द्या. टोमॅटो, लिंबू शेवटी. रंगासाठी चिमूटभर सोडा घालण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. रंग राहतो, पण पानांचा गाळ होतो आणि क जीवनसत्त्व नष्ट होतं. मीठही भाजी बसल्यावरच घाला; आधीच्या ढिगाकडे पाहून घातलं तर हमखास खारट होते.

पालक आणि माठात ऑक्झलेट, म्हणजे मूतखडा व्हायला हातभार लावणारा क्षार, बरंच असतं. ज्यांना मूतखड्याचा त्रास आहे त्यांच्यासाठी पानं भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून द्यावं, विरघळणारं ऑक्झलेट बरंचसं त्यात उतरतं. सगळ्यांसाठी रोज असं करू नये, कारण त्याच पाण्यातून क जीवनसत्त्व आणि फोलेटही जातं. अळू मात्र प्रत्येकासाठी नीट शिजायलाच हवा. त्यातले सुईसारखे स्फटिक घशाला खाजवतात.

उरलेली भाजी ओट्यावर ठेवू नका. उबेत जिवाणू पानांतल्या नायट्रेटचं नायट्राइट करतात, आणि ते जास्त झालं तर अपायकारक असतं. दोन तासांच्या आत ती फ्रिजमध्ये जायला हवी.